शटरखालून दिसलेली जीन्स

तिच्याबद्दल चांगलं लिहावं असं मला अजूनही मनापासून वाटत नाही. तिने मला फसवलं असं माझं म्हणणं आहे आणि ते बदलायला मी तयार नाही. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. इथे 'ती' म्हणणार आहे. एवढा राग तरी मला ठेवू द्या.

पहिल्यांदा मी तिचे पाय पाहिले. दादरला स्टेशनपासून जरा आतल्या गल्लीत माझं बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे. सकाळी शटर अर्धं वर करायचं, वाकून आत जायचं, झाडू मारायचा, उदबत्ती लावायची आणि मग शटर पूर्ण वर, ही माझी पद्धत. एप्रिल महिना होता. मी झाडत होते आणि शटरखाली दोन पाय येऊन थांबले. फिकट निळी, ढगळ पायांची जीन्स, घोट्याच्या वर दोन घड्या घालून दुमडलेली. खाली कोल्हापुरी चपला. मला वाटलं, कॉलेजची मुलगी. आतूनच ओरडले, "ए पोरी, थांब जरा, अजून उघडलं नाही."

"पोरगी थांबेल," बाहेरून आवाज आला, "पण तिला ऊन लागतंय."

शटर वर केलं तर सत्तरीची बाई. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यात मोगऱ्याचं एकच फूल. अंगात मलमलचा सैल पांढरा शर्ट, एका बाजूने खोचलेला, दुसऱ्या बाजूने मोकळा. आणि जीन्सला पट्ट्याच्या जागी चक्क परकराची नाडी, पुढे फुलासारखी बांधलेली.

त्या वयाच्या बाईला जीन्समध्ये मी कधी पाहिलं नव्हतं असं नाही. दादरला सगळं दिसतं. पण त्या बहुतेक मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या असतात आणि जीन्स घालून अवघडून उभ्या असतात. ही त्या जीन्समध्ये घरात वावरावं तशी वावरत होती.

तिने रॅकवरून पातळ डेनिमचा एक लांब शर्ट काढला. त्याची बाही ओठांजवळ धरली आणि फुंकर मारली. दुसरा हात बाहीच्या मागे धरला होता.

"काय करताय?" मी विचारलं.

"फुंकर पलीकडे जाते का बघते. नाही गेली तर तो कपडा थंडीचा. मुंबईत थंडी नाही, म्हणजे तो कुणाचाच नाही." मग तिने किंमत विचारली, मी सांगितली, आणि तिने शांतपणे त्याच्या निम्मी सांगितली.

माझं डोकं सटकायला एवढं पुरतं. "ओ मावशी, हे दुकान आहे, फुटपाथ नाही."

"मावशी म्हणू नकोस. तुझी आई माझी बहीण नव्हे."

"मग काय मॅडम म्हणू?"

"मॅडम म्हणशील तर मॅडमचा भाव लावशील. काहीच म्हणू नकोस. भवानीची वेळ आहे, मी तुझं पहिलं गिऱ्हाईक. पाठवतेस का परत?"

आमच्या धंद्यात दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस वाया जातो असं आम्ही मानतो. ते मोठमोठ्या एसी दुकानांत मानत नसतील, मी मानते. लालबागच्या चाळीतून निघून मी फुटपाथवर टॉप विकत बसले, म्युनिसिपालिटीची गाडी आली की गाठोडं उचलून पळाले, आणि तिथून या गाळ्यापर्यंत आले ते रोज भवानी सांभाळून. हे त्या बाईला माहीत होतं. ती ठरवून पहिली आली होती. मी दातओठ खात शर्ट तिच्या भावाने दिला. तो कागदी पिशवीत घालून नको, हातातच दे, म्हणाली. पिशवीतला कपडा चुरगळतो आणि डेनिमची चुरगळ मांजरासारखी असते, एकदा बसली की उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरखाली पुन्हा तेच पाय. शर्ट परत करायला.

"का? काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही. आमचं पटलं नाही."

माझ्या दुकानात मीच पाटी लावली आहे, 'माल बदलून मिळेल, पैसे परत नाहीत.' तिने बोट त्या पाटीकडे केलं. शर्टाला इस्त्री होती, मी दिली तेव्हा नव्हती. तिने बदल्यात एक स्कर्ट घेतला. तो तिसऱ्या दिवशी परत आला. त्याच्या बदल्यात जीन्स. मी भडकले, "बाई, हे दुकान आहे, वाचनालय नाही." ती म्हणाली, "वाचनालयात दंड असतो. तू दंड लाव, मी घासाघीस करीन." आणि स्टुलावर बसली.

असं पाच उन्हाळे चाललं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही ती यायची, पण तिचा मोसम उन्हाळा. मार्च उजाडला की तिच्या अंगात यायचं. उन्हाळ्यात डेनिम घालायचंच नाही असं म्हणणाऱ्या बायकांवर तिचा फार राग. "डेनिमचा दोष नाही," ती म्हणायची, "ह्या बायका ते अंगाला चिकटवून घेतात. कपडा आणि अंग यांच्यात एक माणूस बसेल एवढी जागा ठेवा." घट्ट जीन्स ती हातातसुद्धा धरत नसे. फाटक्या जीन्सबद्दल मात्र तिचं मत मला वाटलं होतं त्याच्या उलटं निघालं. गुडघ्याला वारा लागतो म्हणून तिला ती आवडायची. फक्त त्या भोकांच्या मागे ती आपल्या ऑफिसच्या साड्यांचे तुकडे लावायची, जांभळे, मोरपिशी, बारीक बुट्ट्यांचे. चालताना गुडघ्यावर जरासा रंग दिसायचा आणि जायचा. फोर्टमधल्या एका कचेरीत ती टायपिस्ट होती, निवृत्त होईपर्यंत साडीशिवाय काही नेसली नव्हती, हे मला त्या भोकांमुळे कळलं. एरवी स्वतःबद्दल बोलायची तिला सवय नव्हती.

ट्रायल रूममध्ये जीन्स चढवली की ती बाहेर यायची आणि भर दुकानात उकिडवी बसायची. नळावर बादली भरायला बसतात तशी. "हे जमलं तरच घ्यायची. उभं राहून सगळ्याच जीन्स चांगल्या दिसतात." इतर बायका आधी हसायच्या, मग एक-दोघी हळूच पडद्याआड बसून बघायच्या. आता माझ्या दुकानात मी हे सगळ्यांना सांगते, आणि माझंच असल्यासारखं सांगते.

काचेतल्या पुतळीवर तर तिचा डोळाच असायचा. मी तिला नवा माल चढवायचे. घट्ट जीन्स, वर टॉप, वर जॅकेट, गळ्यात माळ. ही यायची आणि म्हणायची, "हिला उकडतंय." आणि मला न विचारता जॅकेट काढून पुतळीच्या कमरेला बांधायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायची, गळ्याचं एक बटण सोडायची, माळ काढून माझ्या हातात द्यायची. पहिल्यांदा मी तिच्या हाताला धरून तिला बाजूला केलं. म्हटलं, माझ्या दुकानात मी ठरवणार. ती गेली. मी ते सगळं परत आधीसारखं करणार तेवढ्यात दोन मुली आत आल्या आणि म्हणाल्या, त्या पुतळीवर आहे तसंच सगळं द्या, असंच बांधून. धंदा करणाऱ्याला राग आणि फायदा यातलं एक निवडावं लागतं. मी पुतळीला तसंच राहू दिलं.

नाडीची जीन्स पण तिचीच. बटण पोटात रुततं म्हणून तिने स्वतःच्या जीन्सला कमरेशी नेफा शिवून नाडी ओवली होती. मी परळच्या माझ्या शिंप्याकडून तशा शिवून घेतल्या आणि त्या उन्हाळ्यात दुसरं काही विकावं लागलं नाही. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "मग आता माझ्याशी घासाघीस करताना लाज वाटू दे."

"धंद्यात लाज कसली?"

"तेच म्हटलं. मीही करणार नाही."

एकदा मी तिचं रील करायचं ठरवलं. मोबाइल तयार होता, गल्लीत छान ऊन होतं. ती तयार झाली, पण एका अटीवर. "चेहरा घ्यायचा नाही. चेहऱ्याला वय असतं, घोट्याला नसतं." मग मी फक्त गुडघ्याखालचं घेतलं. दुमडलेली जीन्स, कोल्हापुरी, फरशीवर पडणारी पावलं. बायका दुकानात येऊन विचारायच्या, ती मॉडेल कोण? मॉडेल स्टुलावर बसून चहा पीत असायची. ती म्हणायची, "ती फार महाग आहे हो. हिला परवडत नाही."

आता मी जे लिहिणार आहे त्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

एक दिवस मी तिला विचारलं, "तुम्ही रोज एवढं छान नटता, कुठे जायचं असतं?" नायगावला चाळीतल्या एका खोलीत ती एकटी राहते एवढं मला माहीत होतं. आई होती, ती गेली. लग्न केलं नव्हतं. एक पुतण्या होता, लांब कुठेतरी. चाळीतल्या बायका गॅलरीतून विचारायच्या, "काय ओ, खय चाललात जीन्स घालून?" हे तिनेच मला नक्कल करून दाखवलं होतं.

तिने शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाली, "तुझ्याकडे."

बस, एवढंच. पण मी काय लहान मूल नाही. एवढं ऐकून मला काय झालं ते मला कळलं. माझ्याही घरी कुणी नाही. नवरा होता, तो विषय संपला आहे. सकाळी उठून माझ्याकडे यायचं म्हणून कुणी आरशासमोर उभं राहतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी भवानी राखून ठेवायला लागले. ती येईपर्यंत पहिली विक्री करायची नाही. तिच्याशी भांडून, तिने सांगितलेल्या भावाने देऊन, मगच दिवस सुरू. धंदेवाईक माणसाने करू नये अशी ही गोष्ट आहे. पहिलं गिऱ्हाईक ठरवायचं नसतं, ते येतं.

मग तो मे महिन्यातला दिवस. शटर उघडलं आणि ती नव्हती. तिच्याऐवजी एका ऑफिसातल्या आठ-दहा मुली दारात. अलिबागला जाणार होत्या, सगळ्यांना एकसारखे पातळ डेनिमचे शर्ट हवे होते. माल होता, मापं होती. आणि मी त्यांना म्हणाले, "पाच मिनिटं थांबा, बिलाचं मशीन चालू व्हायचंय."

"काकू, आम्ही कॅश देतो की," एक म्हणाली.

"कॅशला पण बिल लागतं."

"बिल नको आम्हाला."

"मला लागतं."

मी गल्लीच्या टोकाकडे बघत राहिले. मुली एकमेकींकडे बघत होत्या. "काकूंचा मूड नाहीये, चल गं," असं म्हणून त्या समोरच्या दुकानात गेल्या आणि तिथून पिशव्या भरून बाहेर पडल्या. मी ते उभी राहून पाहिलं. मग शटर खाली ओढलं आणि तिला शोधायला निघाले. काही झालं असेल, पडली असेल, हेही मनात होतं. ते खोटं नाही.

ती पुढच्याच गल्लीत होती. तिथे फुटपाथवर एक जण ओढण्या, कुर्त्या आणि टोप्या विकतो. त्याच्याकडे डेनिमच्या गोल टोप्या आल्या होत्या. ती एका टोपीला ओठ लावून फुंकर मारत होती. मी मागे होते, तिने मला पाहिलं नाही.

"निम्म्यात नाही जमणार हो बाई," तो म्हणाला.

"भवानीची वेळ आहे. पाठवतोस का परत?"

"रोजचंच तुमचं." तो हसत होता. "आणि आज काय विशेष? मोरपिशी गुडघे. कुठे दौरा?"

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

मी पुढे झाले. "बाई, वाजले किती?"

"अगं, आलेच होते. याचा माल उशिरा उतरला." तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची काही खूण नव्हती. तो मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडे पण जातात होय? माझी भवानी तर रोज यांचीच." असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. तो माझ्यापेक्षा लवकर दुकान लावतो. म्हणजे मी दुसरी होते.

मी तिथे भांडले नाही. जिथे आपला भाव पडलेला असतो तिथे भांडत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चहावाल्या बाईला सकाळीच एक रुमाल विकला आणि ही आली तेव्हा सांगितलं, "भवानी झाली. आता फिक्स रेट."

तिने माझ्याकडे बघितलं. "झाली? बरं झालं. मग आज भावाचं राहू दे, नुसती बसते." आणि दुपारपर्यंत बसली. काही घेतलं नाही. पुतळीच्या बाह्या नीट केल्या. जाताना म्हणाली, "उद्या पांढरं आण काहीतरी. निळ्यावर पांढरं नसलं की उन्हाळा पुरा होत नाही." तिला माझा राग कळला होता की नाही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळून तिने तो असा परत केला असेल तर ती माझ्याहून पक्की होती. मी त्यानंतर रोज तिच्या आधी कुणाला तरी काहीतरी विकत राहिले आणि ती रोज येत राहिली.

पुढच्या मार्चमध्ये ती यायची थांबली. मी म्हटलं, गेली असेल त्याच्याकडे. काही दिवसांनी तो टोपीवाला माझ्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, बाई तुमच्याकडे येतात का?" तोही इतके दिवस म्हणत होता, गेल्या असतील तुमच्याकडे. आम्ही दोघं बोलायला लागलो तेव्हा लक्षात आलं, तिचं नाव दोघांनाही माहीत नाही. मला तिची कंबर माहीत होती, पायांची लांबी माहीत होती. त्याला डोक्याचं माप माहीत होतं.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. मी नायगावला गेले. तिची चाळ रिकामी झाली होती, माणसं शेजारच्या नव्या टॉवरमध्ये गेली होती. "जीन्सवाल्या बाई" एवढं म्हटल्यावर वॉचमनने मजला सांगितला.

तिने दार उघडलं. अंगात गाऊन होता. मला ती गाऊनमध्ये लहान वाटली. घर छान होतं, स्वच्छ, नवी फरशी. आतल्या दोरीवर जीन्स वाळत नव्हती.

"बऱ्या आहात?"

"बरी आहे. ये."

"मग येत का नाही?"

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "सकाळी तयार होते. दार उघडते. समोर तीन दारं, तिन्ही बंद. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात मीच. खाली जाईपर्यंत कुणी विचारत नाही कुठे चाललीस म्हणून. मग परत वर येते आणि कपडे बदलते."

"मी विचारते की."

"तू दादरला विचारतेस. दादरपर्यंत पोचायला इथून निघावं लागतं."

मला राग आला, आणि जे विचारायला आले होते ते विचारलं. "त्या टोपीवाल्यालाही तुम्ही तेच सांगायचात. तुझ्याकडे चालले म्हणून."

"मग खोटं कुठे होतं? त्याच्याकडे जायचे तेव्हा त्याच्याकडे. तुझ्याकडे यायचे तेव्हा तुझ्याकडे."

"असं निम्मं निम्मं चालत नाही."

"मला आयुष्यभर निम्म्या भावात मिळालं ते मी घेतलं," ती म्हणाली. "तू पूर्ण मागतेस. तुझी पद्धत वेगळी."

मग मी भाव करायला बसले. रोज या, म्हटलं. ती नाही म्हणाली. आठवड्यातून तीनदा. नाही. एकदा. "एवढं ऊन," ती म्हणाली, जिने मला पाच वर्षं उन्हाबद्दल शिकवलं. शेवटी ठरलं ते असं की सोमवारी मी तिच्याकडे जायचं. तिला आणायला गेले होते आणि स्वतःच यायचं कबूल करून उतरले. एवढा वाईट सौदा मी कधी केला नाही.

सहा-सात सोमवार गेले. मी लिफ्टमधून उतरले की आधी तिच्या दारासमोर उभी राहून मोठ्याने विचारायचे, "बाई, कुठे चाललात?" शेजारच्या दारांना ऐकू जाईल असं. आतून ती म्हणायची, "थांब, अजून नाडी बांधायचीय." एका सोमवारी तिने जीन्स घातली होती. आम्ही खाली गेटपर्यंत गेलो, उसाचा रस प्यायलो, परत आलो. रसवाल्याने तिच्याकडे दोनदा बघितलं. ती त्या दिवशी फार बोलली.

पुढच्या सोमवारी दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, पुतण्या आला होता, घेऊन गेला, एकटीला ठेवायचं नाही म्हणत होता.

"कुठे?"

"सांगितलं नाही."

"माझ्यासाठी काही निरोप?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणासाठीच नाही."

त्याला माझं दुकान माहीत नव्हतं, पण तिला माहीत होतं. नायगावहून दादर किती लांब आहे? पुतण्याला म्हणायचं, गाडी त्या गल्लीतून घे. शटर वर असतं, मी दारात उभी असते. एक वाक्य बोलायचं. माझा राग एवढ्यावर आहे. पाच वर्षं माल बदलून नेणारी बाई काही न बदलता गेली.

परत येताना मी त्या पुढच्या गल्लीतून आले. टोपीवाला माल लावत होता. मला बघून हातातली ओढणी तशीच धरून उभा राहिला.

"बाई भेटल्या?"

"पुतण्याकडे गेल्या. कायमच्या."

तो म्हणाला, "तुम्हाला सांगून गेल्या असतील."

"हो," मी म्हटलं. "येऊन सांगून गेल्या. बसल्या होत्या बराच वेळ."

त्याने ओढणी झटकली, घडी घातली, परत उघडली.

"माझ्याकडे पण आल्या होत्या," तो म्हणाला.

वाढवून सांगितलेला भाव मला चेहऱ्यावरून कळतो. त्यालाही कळत असणार, तोही धंद्यातला आहे. मी घासाघीस केली नाही. "हो, म्हणाल्या होत्या," म्हटलं आणि घरी गेले.